नळी कुणाच्या ताटात?

रविवारची उपासना सुटली की आमच्या घरी मटण असायचं, दर रविवारी नाही, पगार झाल्यावरचे दोन रविवार. पप्पा चर्चचे सेक्रेटरी. ते दानार्पणाची थैली मोजून, वहीत आकडा लिहून, पाळकसाहेबांना सलाम करून घरी येईपर्यंत आई रस्सा उतरवायची, आणि वाढायला घेतलं की नळी दादाच्या ताटात. आम्ही दोघी बहिणी. नियम असा कुणी केलेला नव्हता पण एकदा धाकटीने सरळ पातेल्यात हात घालून नळी उचलली तर आई म्हणाली, ठेव ती, दादाची आहे. पप्पा डोळे मिटून बसलेले, त्यांनी काही डोळे उघडले नाहीत, प्रार्थनाच सुरू केली.

आता पन्नाशी उलटल्यावर नळीचं काय घेऊन बसलीस असं कुणीही म्हणेल. पण मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत लागोपाठ दोन रविवार दोन संदेश झाले, एक देवाची सेवा कशी करावी यावर आणि दुसरा आईबापांनी मुलांत भेदभाव करू नये यावर, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली, आणि घरी येताना माझ्या लक्षात आलं की हे दोन वेगवेगळे धडे म्हणून आपल्याला शिकवले जातात म्हणूनच आपण दोन्हीत नापास होतो. सेवेचा धडा आला की हन्नाने देवाला वाहिलेला तिचा मुलगा शमुवेल, भेदभावाचा आला की याकोबाने लाडक्या मुलाला, योसेफाला दिलेला झगा. एकीकडे देऊळ, एकीकडे घर. माझं म्हणणं असं आहे की घरातला लाडका आणि चर्चच्या कमिटीतला आपला माणूस हे एकच प्रकरण आहे. जी नळी जेवणाच्या ताटात सुरू होते ती पुढे ट्रस्टच्या कागदापर्यंत जाते.

शास्त्रातच बघा, पहिल्यांदा लाडका ठरला तो मांसावरूनच. उत्पत्तीच्या 25 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, इसहाकाला आपल्या जुळ्या मुलांतला एसाव आवडायचा कारण त्याने मारून आणलेली शिकार तो खायचा, आणि त्याच्या बायकोला, रिबकाला, याकोब आवडायचा, त्याला तर कारणही दिलेलं नाही. पुढे याकोबाने बापाला फसवून एसावाचा आशीर्वाद कसा लाटला ते संडे स्कूलच्या पोरांना पण पाठ आहे. पण झगा सोडून याकोबाची अजून एक गोष्ट आहे जी संदेशात फारशी येत नाही. एसाव चारशे माणसं घेऊन भेटायला येतोय म्हटल्यावर याकोब घाबरला आणि त्याने आपल्या माणसांची रांग लावली. सगळ्यात पुढे दासी आणि त्यांची पोरं, मग बायको लेआ आणि तिची पोरं, आणि सगळ्यात मागे लाडकी बायको राहेल आणि तिचा योसेफ. म्हणजे मार पडलाच तर कुणाला आधी पडलेला चालेल याचा हिशोब त्याने भर उन्हात सगळ्यांसमोर मांडला. त्या पुढच्या रांगेत उभं राहिलेलं पोरगं काही विसरत नसतं हो. झगा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, रांग आधीच लागलेली होती.

आणि हेच घर म्हणजे सगळ्या इस्राएलाची सुरुवात. म्हणजे घरगुती मामला कुठे राहिला.

शिलोच्या एली याजकाचं प्रकरण आपल्याकडे नेहमी चुकीचं सांगितलं जातं असं मला वाटतं. एली म्हणजे मुलांना धाक न लावणारा बाप, म्हणून पालकांनो धाक लावा, असा सरळ धडा निघतो. पण पहिल्या शमुवेलचा दुसरा अध्याय नीट वाचा की. शिलोला लोक यज्ञ करायला यायचे, मांस शिजत असताना याजकाचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि जे वर येईल ते याजकाचं. एवढ्यावर पण भागेना, चरबी जाळण्याच्या आधीच कच्चं मांस द्या, नाही दिलं तर जबरदस्तीने घेऊ. हे करणारे हफनी आणि फिनहास, एलीचे मुलगे. एली त्यांना बोलला होता, अगदी चांगलं बोलला, तुमच्याबद्दल लोकांकडून बरं ऐकू येत नाही म्हणाला. पण त्यांना काढलं नाही. आणि देवाचा माणूस येऊन एलीला जे ऐकवतो त्यात खरी मेख आहे, की तू माझ्यापेक्षा मुलांचा मान जास्त राखतोस आणि माझ्या लोकांनी आणलेल्या अर्पणातला उत्तम भाग खाऊन तुम्ही सगळे लठ्ठ होता. तुम्ही सगळे. म्हणजे काटा पोरांचा पण ताट बापाचंही होतं. दोन अध्याय पुढे एली खुर्चीवरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, तिथे लिहिणाऱ्याने दोन गोष्टी नमूद केल्यात, तो म्हातारा होता आणि अंगाने जड होता. 98 वर्षांचा माणूस, 40 वर्षं न्याय केलेला, आणि लिहिणारा त्याचं वजन सांगतो. मला नाही वाटत ते उगीच आलंय.

म्हणून "मी त्याला समजावलं होतं" हे वाक्य मी आजकाल फार सावधपणे ऐकते. कमिटीत बसलेला माणूस आपल्या भाच्याबद्दल, जावयाबद्दल हेच म्हणतो. बोललो होतो हो त्याला. मग काढलं का? नाही, काढणार कसं, घरचा आहे.

आता जमिनीकडे येते कारण आपल्या नगर जिल्ह्यात चर्च म्हटलं की पाठीमागे जमीन आलीच, मिशनच्या वेळची. अमेरिकन मराठी मिशनने 1831 ला नगरला ठाणं केलं तेव्हापासूनच्या शाळा, बंगले, वसतिगृहं, आवारं. ही मालमत्ता आज कुठल्या ना कुठल्या ट्रस्टच्या नावावर आहे आणि ट्रस्टी बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, जमीन विकायची तर त्यांची परवानगी लागते. कायदा आहे, नाही असं नाही. पण चेंज रिपोर्टमध्ये वडिलांच्या जागी मुलगा आणि काकाच्या जागी पुतण्या असेल तर कायद्याला त्यात काही वावगं दिसत नाही, फॉर्म भरलेला असला की झालं. शेवटी आम्हालाच ठरवावं लागणार की हे आम्हाला चालतं का, आणि आम्ही ते ठरवत नाही, आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदन टाकतो, हात जोडलेले इमोजी, गॉड ब्लेस यू.

शास्त्राचा जो एक अध्याय मी दर वर्षी कुणीतरी संदेशाला घ्यावा म्हणून वाट बघते तो गणना 27. त्या एकाच अध्यायात दोन निकाल आहेत. पहिला, सलाफहाद नावाचा माणूस मेला, त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या पाचजणी मोशेच्या पुढ्यात, याजकाच्या, सरदारांच्या, सगळ्या मंडळीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाचं नाव का पुसता, आम्हाला वतन द्या. मोशेने ते देवापुढे नेलं आणि देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. (पुढे 36 व्या अध्यायात त्यांना आपल्याच वंशात लग्न करायची अट लागली ते मला माहितीये, कुणी कमेंट करायच्या आधीच सांगते.) दुसरा निकाल त्याच अध्यायाच्या शेवटी. मोशेला सांगितलं जातं की तुझी वेळ झाली, आणि तो म्हणतो मंडळीवर कुणीतरी नेम, ती मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होऊ नये. मोशेला दोन मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर. त्यांचं नावही निघत नाही. नेमला गेला नूनाचा मुलगा यहोशवा, मोशेचा वंश लेवीचा, हा एफ्राईमचा, म्हणजे भावकीतलाही नाही.

बघा म्हणजे कसं आहे. जमीन मुलीला पण, गादी मुलाला पण नाही.

आणि आपण काय केलं, बरोब्बर उलटं. जमिनीतून मुली काढल्या आणि गादीवर मुलगा बसवला.

जमिनीचं तर मी स्वतः सही केलेलं सांगते. आपल्या ख्रिस्ती लोकांना वारसा कायदा लागतो 1925 चा, त्यात मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि राहिलेलं सगळ्या मुलांना सारखं, त्यात मुलगा मुलगी फरक नाही. केरळात जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या भागात वेगळा कायदा धरून बसले होते, मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथाई किंवा 5000 रुपये, यातलं जे कमी असेल ते, ते मेरी रॉय यांनी सुप्रीम कोर्टात जाऊन 1986 ला मोडून काढलं. गोव्यात तर आईबापांना मनात आलं तरी निम्मी इस्टेट मुलांत सारखीच जाते, त्यांना हात लावता येत नाही. आपल्याकडे कायद्याने आधीपासूनच सारखं होतं, आपल्याला कोर्टात जायची गरजच नव्हती, मग आपल्या किती बहिणींकडे वाटा आहे? माझे वडील गेले तेव्हा आईचा एक तृतीयांश आणि उरलेल्याचे तीन सारखे वाटे असा हिशोब होता. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोडपत्रावर मी आणि धाकटीने सही केली, अंगठे उमटवले, फोटो काढला, दादाने दोघींना साड्या घेतल्या होत्या, माझी मोरपंखी, आणि मग समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. कुणी जबरदस्ती केली नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी कुटुंबातल्या ऐक्याबद्दल उपकारस्तुती केली. तिसऱ्या बाकावर आत्या बसलेली होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, तिनेही पप्पांसाठी अशीच सही केलेली, तिच्या वेळी साडी बिडी काही नव्हतं, खणावर भागवलं होतं.

माझ्या मनात दादाबद्दल राग नाहीये, खरंच. त्याने आईला शेवटपर्यंत सांभाळलं, त्याच्या बायकोने आईची घाण काढली, ते काम मी केलेलं नाही. राग आहे तो उपकारस्तुतीचा. बहिणींनी हक्क सोडला की चर्चमध्ये त्याला ऐक्य म्हणतात आणि मागितला की भाऊबंदकी.

आता गादी. पप्पा 21 वर्षं सेक्रेटरी होते आणि मी शपथेवर सांगते त्यांनी चर्चचा एक रुपया घरी आणला नाही, थैलीत फाटकी नोट आली तर स्वतःच्या खिशातली चांगली टाकून फाटकी बँकेत बदलून आणायचे. पण जाताना त्यांनी वह्या दादाच्या कपाटात ठेवल्या. तेवढंच केलं त्यांनी. वह्या ज्याच्या घरी तोच सेक्रेटरी, दुसऱ्याला मागायची पण लाज वाटते, घरी जाऊन कपाट कसं उघडायला सांगणार. भ्रष्ट माणसाने घराणं बसवलं तर निदान भांडता येतं, प्रामाणिक माणसाने बसवलं तर बोलायची सोयच नाही, पप्पांसारख्या माणसाच्या मुलावर संशय घेता का असं लगेच येतं.

शमुवेलाचं असंच झालं ना. आयुष्यभर कुणाचा बैल घेतला नाही, गाढव घेतलं नाही, सगळ्या लोकांनी त्याला तशी पावती दिली. एलीच्या घरात काय झालं ते त्याने लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं, देवाने त्याला रात्री हाक मारून जे पहिलं सांगितलं ते एलीच्या घराबद्दलच. आणि म्हातारा झाल्यावर त्याने काय केलं, स्वतःच्या दोन मुलांना, योएल आणि अबीयाला, बैर-शेब्याला न्यायाधीश नेमलं, ती लाच खायला लागली आणि लोक वैतागून म्हणाले आम्हाला राजाच दे. आपण राजा मागितल्याबद्दल इस्राएल लोकांना बोल लावतो, पण त्यांच्या अर्जातलं पहिलं कारण हेच होतं, तू म्हातारा झालास आणि तुझी मुलं तुझ्या मार्गाने चालत नाहीत. आपली तरुण पोरं चर्च सोडून भाड्याच्या हॉलमधल्या फेलोशिपला जातात तेव्हा आपण म्हणतो त्यांना गिटार पाहिजे, लाईट पाहिजे. थोडं असेलही तसं. पण त्यातल्या बऱ्याच जणांना एकदा विचारून बघा, कमिटीसमोर कधी काही मांडायला गेला होतास का म्हणून. (आणि त्या फेलोशिपचं पण सांगायला नको, तिथे पास्टरची बायको ट्रेझरर आणि मुलगा कीबोर्डवर, दहा वर्षांनी तोच पास्टर. फक्त वही नाही, क्यूआर कोड आहे.)

नेपोटिझम हा शब्दच चर्चने जगाला दिलाय हे कितीजणांना माहितीये कुणास ठाऊक. इटालियनमध्ये निपोते म्हणजे पुतण्या भाचा, पोपांनी आपल्या पुतण्यांना कार्डिनल करून करून तो शब्द आला, शेवटी बाराव्या इनोसंट पोपने 1692 ला फर्मान काढून त्याला लगाम घातला. आपण प्रोटेस्टंटांनी यावर हसू नये. त्यांना अधिकृत मुलं नसायची म्हणून पुतणे, आपल्या पाळकांना आणि पंचांना मुलं आहेत एवढाच फरक.

लगेच कुणी म्हणेल, अहरोनाचं याजकपण वंशपरंपरेने होतं की, देवानेच दिलेलं. होतं. आणि एली त्याच घराण्यातला, आणि त्यालाच देवाने सांगितलं की तुझं घराणं माझ्यासमोर निरंतर चालेल असं मी म्हणालो होतो पण आता ते नाही. म्हणजे देवाने स्वतः दिलेली गादी देवाने परत घेतली, आपली तर देवाने दिलेलीही नाही, सर्वसाधारण सभेत आवाजी मतदानाने झालेली आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे, की घरचा माणूस लायक असेल तर काय त्याला फक्त नात्यामुळे बाहेर ठेवायचं? पंडिता रमाबाईंनी आपल्या मुलीच्या, मनोरमाबाईंच्या हाती केडगावच्या मुक्ती मिशनचं काम द्यायचं ठरवलं होतं, त्यात कुणाला काय वावगं दिसेल, मनोरमाबाईंनी केडगावला आणि गुलबर्ग्याला स्वतः काम करून दाखवलेलं होतं. दुर्दैवाने त्या 1921 ला गेल्या, रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये, आणि मुक्ती तरीही चाललं, आजही चालू आहे, कारण ते एका घरावर उभं नव्हतं. आणि खुद्द प्रभूचा भाऊ याकोब यरुशलेमच्या मंडळीचा खांब होताच की. पण त्याआधीचा प्रसंग वाचा, प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय. बारा प्रेषितांतल्या यहूदाची जागा रिकामी झाली, माडीवरच्या त्या मंडळीत येशूची आई होती, भाऊ होते, सगळे मिळून 120 जण. पेत्राने उठून म्हणायला हरकत नव्हती की प्रभूच्याच घरातला एक घेऊ, कोण नाही म्हणणार होतं. त्याने काय केलं, आधी अट सांगितली, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून शेवटपर्यंत जो आमच्याबरोबर होता तो पाहिजे. त्या अटीत भाऊ बसत नव्हते, प्रभू हयात असताना त्यांचा विश्वासच नव्हता असं योहानाने लिहून ठेवलंय. मग दोन नावं, चिठ्ठी, मत्थिया. अट आधी, नाव नंतर. आपल्याकडे नाव आधी ठरतं आणि मग अट शिवून घेतात त्याच्या मापाची.

पुढे सहाव्या अध्यायात तर कमालच आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळतात अशी कुरकूर झाली. म्हणजे पुन्हा ताटाचाच प्रश्न. तर सात जण निवडले, त्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव, सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्यांच्याच हातात पळी दिली. आमच्या मंडळीत तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी ग्रुपमधून रिमूव्ह करतात.

उलट्या टोकाचीही मला भीती वाटते, ते पण सांगून टाकते. देवाच्या सेवेत घर विसरलेली माणसं आपण फार डोक्यावर घेतो. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, दारात आलेल्याला देऊन मोकळे, आपण कौतुकाने सांगतो, पण चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची असायची आणि त्यांनी ते हसत हसत लिहून ठेवलं म्हणून आपण पण हसतो. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो असं पौलाने तीमथ्याला लिहिलंय, आणि आईबापांना द्यायचं ते कुर्बान म्हणून देवाच्या नावाने बाजूला काढणाऱ्यांना प्रभू ढोंगी म्हणाला. तेव्हा घरच्यांवर प्रेम करू नका असं मी म्हणतच नाहीये. स्वतःच्या पगारातून पोराला गाडी घ्या, बंगला बांधून द्या, फक्त मुलीलाही तेवढंच द्या. पण मंडळीची वही ही पगारातून घेतलेली नाही.

माझं मागणं मोठं नाही. एका घरातला एकच माणूस एका वेळी कमिटीवर. तीन वर्षं झाली की तीन वर्षं बाहेर. ज्याच्या नातेवाईकाचा विषय निघाला, शाळेत नोकरी असो, आवारातली खोली असो, कंत्राट असो, त्याने तेवढा वेळ उठून व्हरांड्यात उभं राहायचं. वह्या चर्चच्या कपाटात, किल्ल्या दोन, वेगळ्या घरांत. हिशोब मोठ्याने वाचायचा, बोर्डावर नुसता डकवायचा नाही कारण बोर्ड पार्किंगच्या बाजूला आहे आणि तिथे कुणी थांबत नाही. एवढ्याने स्वर्ग येणार नाही, भाऊबंद व्हरांड्यात उभे राहूनही खुणा करतील.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. नाताळच्या नाटकाचं सगळं मी बघते, पंधरा सोळा वर्षं. त्यात सलग तीन वर्षं मरीया माझी मुलगी होती. ती चांगलं करायची, संवाद चुकायची नाही, घरी रिहर्सल व्हायची, सोयीचं पडायचं, अशी माझी कारणं. एक दुसरी मुलगी होती, वडील गवंडीकाम करायचे, ती तिन्ही वर्षं मेंढपाळ. तिसऱ्या वर्षी तिने घोंगडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, टीचर, पुढच्या वर्षी मी नाही येणार, माझी मेंढरं सांभाळायला दुसरं कुणीतरी बघा. मी हसले. खरंच हसले मी त्यावर, मला वाटलं विनोद केला पोरीने. ती परत आलीच नाही. तेव्हा काटा कुणाच्या हातात होता ते मला आता विचारू नका.

एप्रिलमध्ये कमिटीची निवडणूक आहे. दादा पुन्हा उभा आहे, आणि त्याच्या मुलाचाही फॉर्म आहे युवक प्रतिनिधी म्हणून. काल संध्याकाळी पोरगं दोन्ही फॉर्म घेऊन आलं, आत्या, सूचक म्हणून तुझी सही पाहिजे, पप्पांनी सांगितलंय. मी म्हणलं ठेव, जेवून जा. मटण होतं. त्याला वाढताना माझा हात सवयीने नळीकडेच गेला. फॉर्म अजून टेबलावरच आहेत, वर पाण्याचा ग्लास ठेवलाय, उडू नयेत म्हणून.